दोष कोणाचा?

आपल्या भंडारा जिल्ह्यात उन्हाळा किती कडक असतो, हे तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात घरोघरी कूलर चालतो आणि पुढे विजेचे बिल आले की घरात वाद होतो. अशाच एका वादात माझ्या एका विद्यार्थ्याच्या अम्मीला बोलणी खावी लागली. ती रात्री चार तास दिवा लावून विड्या वळते. "तुझ्या दिव्यामुळेच बिल वाढले," असे सर्व म्हणू लागले. मुलाने मला विचारले, "सर, हे खरे आहे का?"

त्याला उत्तर देण्याआधी मीटर कसा मोजतो ते पाहू. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. म्हणजे उपकरण किती वॅटचे आहे आणि ते किती वेळ चालले, या दोन्हींचा गुणाकार मीटर करतो. जुन्या मीटरमध्ये त्यासाठी ॲल्युमिनियमची चकती फिरते. नव्या मीटरवर लहान दिवा लुकलुकतो. त्यावर ३२०० हा आकडा लिहिलेला असेल तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होते.

मग आम्ही हिशेब केला. अम्मीचा दिवा ९ वॅटचा. रोज ४ तास, ३० दिवस म्हणजे १०८० वॅट-तास. जेमतेम एक युनिट! कूलर २०० वॅटचा. रोज १० तास, ३० दिवस म्हणजे तब्बल ६० युनिट!

कूलर लावूच नये, असे मी म्हणत नाही. पण ज्याचा दोष नाही त्याला दोष देऊ नये. काहीजण म्हणतील, "मीटरच खोटा आहे." तेही तपासता येते. घरातील सर्व उपकरणे बंद करा. तरीही मीटरचा दिवा लुकलुकत राहिला तर मोठ्यांना सांगा आणि महावितरणकडे लेखी तक्रार करायला लावा. मीटरला किंवा त्याच्या सीलला मात्र हात लावू नका.

माझे असे मत आहे की, प्रत्येक विद्यार्थ्याने दर आठवड्याला मीटरवरील युनिटचा आकडा वहीत लिहावा. नव्या आकड्यातून जुना आकडा वजा केला की खर्च कळतो. शाळेत शिकलेली वजाबाकी घरातील भांडण मिटवू शकते. त्या मुलाने तो कागद घरी वाचून दाखवला. त्या रात्रीपासून अम्मीच्या दिव्याबद्दल कोणी काही बोलले नाही.