पुढची सीट

आमच्या घरात मोटार चालवता येणारे माणूस एकच आहे आणि ते मी नव्हे. या पानाच्या नेहमीच्या वाचकांना याचे नवल वाटू नये. ज्या गृहस्थाला इतक्या वर्षांत कुकरचे झाकण एका झटक्यात बसवता आलेले नाही, त्याच्या हाती चार चाके देण्याचे धाडस आमच्या सौ.ने केले नाही, हे तिच्या शहाणपणाला धरूनच झाले. मी शेजारी बसतो, नकाशा वाचतो आणि चुकीचे वळण सांगतो. गाडी ती चालवते. गवयांची असतात तशी ड्रायव्हरांची घराणी असती, तर तिचे घराणे लालबागचे म्हणावे लागले असते. माझे सासरे, ज्यांना सारी चाळ अण्णा म्हणे, तीस वर्षे एसटीवर ड्रायव्हर होते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात अमेरिकेहून मेहुण्याचे फोटो आले. तो आणि त्याची बायको पंधरा दिवस मोटारीने तिकडची लहान लहान गावे हिंडत होती. त्यांनी धरलेला रस्ता म्हणजे प्रसिद्ध ‘रूट सिक्स्टी-सिक्स’. १९२६ साली आखलेला हा रस्ता शिकागोहून निघून पार पॅसिफिकच्या काठी सांता मोनिकाला पोचे. लांबी जवळजवळ ३,९०० किलोमीटर. पुढे १९५६ च्या कायद्याने तिकडे प्रचंड महामार्ग बांधायला घेतले, एकेका गावाला वळसा पडत गेला आणि १९८५ मध्ये या रस्त्याचे नावच सरकारी यादीतून पुसले गेले. फोटोंत काय होते? बंद पडलेला पेट्रोलपंप, रंग उडालेली पाटी, खाणावळीच्या खिडकीतून बाहेर बघणारी एक म्हातारी. ॲरिझोनातल्या सेलिगमन नावाच्या गावाला १९७८ मध्ये वळसा पडला आणि रातोरात दुकानांचे गिऱ्हाईक आटले. पण तिथल्या एका न्हाव्याने चार गावकरी जमवले, १९८७ मध्ये संघटना काढली आणि जुन्या रस्त्याला ‘ऐतिहासिक’ म्हणून मान्यता मिळवून घेतली. मग त्याच्या दुकानात दाढीला कमी आणि फोटो काढून घ्यायला जास्त माणसे येऊ लागली. आपल्याकडच्या न्हाव्यांनी याची नोंद घ्यावी.

जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून मी हे सारे मोठ्या चवीने सांगत होतो. सौ.ने पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, “दादानं परक्या मुलखातली गावं उतरून उतरून पाहिली. अण्णांच्या रस्त्यावरचं एक तरी गाव तुम्ही उतरून पाहिलंय का हो?”

मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचे कारण सांगायचे तर सोळा वर्षे मागे जायला हवे.

अण्णांचे वडील परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दोन-अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांच्या बाबतीत ते बाहेर पडणे कायमचेच ठरले. घरात एक तरी पगार हवा म्हणून अण्णा पुढच्या वर्षी एसटीत लागले. परळ आगारातून रात्री निघायचे, कोकणातली गावे एकामागून एक मागे टाकीत पहाटे लांजा गाठायचे, आणि दुसऱ्या रात्री परत. आमचे लग्न २००८ चे. मुलगी बँकेत, शिकलेली, मनमिळाऊ, सर्वांना पसंत. फक्त “मुलीचे वडील काय करतात?” असे कोणी विचारले, की आमच्या मुगभाटातल्या खोलीतून उत्तर जाई, “एसटी महामंडळात आहेत.” महामंडळात काय आहेत, हे पुढे कोणी न विचारले तर बरे, असे वाटणाऱ्यांत मीही होतो. एम. ए. झालेला, कॉलेजात दलित साहित्य आणि कामगार कविता शिकवणारा मी! गिरगावातून लालबागला बसने अर्धा-पाऊण तास लागतो. मला जास्त लागला.

लग्नानंतर पहिल्याच गणपतीत अण्णा म्हणाले होते, “जावईबापू, एकदा माझ्या गाडीनं गावाला चला. पुढची सीट ठेवतो तुमच्यासाठी. रस्ता दिसतो तिथनं.”

“पुढच्या खेपेस नक्की,” मी म्हणालो.

पुढच्या खेपेस आम्ही कोकण रेल्वेने गेलो. त्याच्या पुढच्याही. रेल्वे १९९८ पासून धावत होती, वेळ वाचत होता, पाठ दुखत नव्हती. कारणांना तोटा नव्हता. अण्णांनी आणखी एकदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले नाही. २०१३ मध्ये ते निवृत्त झाले आणि २०२३ च्या पावसाळ्यात गेले.

तेव्हा टेबलावरचा तो प्रश्न भूगोलाचा नव्हता, हे मला कळत होते. नाताळच्या सुटीत जायचे ठरले. सौ.च्या अटी तीन. पहिली, अटल सेतूने जायचे नाही. शिवडीहून समुद्र ओलांडून एकवीस किलोमीटर सुसाट जाणारा तो पूल जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, पण अण्णा त्यावरून कधी गेले नव्हते. दुसरी, कशेडीच्या बोगद्यातून जायचे नाही, घाटानेच जायचे. तिसरी, प्रत्येक गावात उतरायचे आणि तिथे दहा मिनिटे माझी, दहा मिनिटे तिची. माझ्या दहा मिनिटांत मी काय ते पाहीन आणि सांगेन; तिच्या दहा मिनिटांत मी तोंड उघडायचे नाही.

पहाटे पाचला गिरगावातून निघालो. लालबागला जुन्या चाळीसमोर तिने गाडीचा वेग कमी केला, परळ आगाराशी आणखी कमी केला आणि मग दादर, सायन, वाशी करीत आम्ही पनवेलच्या पुढे गोव्याच्या रस्त्याला लागलो. या रस्त्याचे रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, एवढे सांगितले म्हणजे कोकणी वाचकाला बाकीचे सांगण्याची गरज नाही.

पेणला माझी दहा मिनिटे गणपतीच्या कारखान्यात गेली. भर डिसेंबरात तिथे पांढऱ्या मूर्ती ओळीने वाळत ठेवलेल्या, डोळे नसलेल्या. भाद्रपदाला आठ महिन्यांवर अवकाश. पण मुंबईच्या घरोघरी जायच्या मूर्ती इथे वर्षभर घडत असतात. नंतरच्या दहा मिनिटांत सौ. स्टँडजवळच्या दुकानात शिरली आणि पोह्यांचे पापड घेऊन आली. “अण्णा आणायचे,” एवढेच म्हणाली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की तिचा या रस्त्याचा भूगोल अण्णांच्या पिशवीतून शिकलेला होता. पेण म्हणजे पापड, लांजा म्हणजे आमसुले, फेरी राजापुरापर्यंत गेली तर पंचे. माझा भूगोल पुस्तकातून आलेला: महाड म्हणजे सत्याग्रह, संगमेश्वर म्हणजे संभाजीराजे, राजापूर म्हणजे इंग्रजांची वखार. एकाच रस्त्यावरची गावे, पण आम्हां दोघांची एकमेकांशी ओळख नाही.

महाडला मी तिला चवदार तळ्यावर नेले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे मी वर्गात दर साल सांगतो. तळे मात्र पहिल्यांदाच पाहत होतो. पायऱ्यांवर एक शाळकरी पोरगा डबा खात बसला होता. माझी दहा मिनिटे पुरली नाहीत आणि तिने घड्याळही दाखवले नाही.

मग तिची दहा मिनिटे. ती मला सावित्रीच्या पुलापाशी घेऊन गेली. पुलावर थांबायची सोय नाही. गाडी अलीकडे उभी करून आम्ही काठाने थोडे चाललो. हिवाळ्यातली सावित्री म्हणजे साधी, शहाण्या मुलीसारखी नदी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिला पूर आला आणि इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल कोसळला. मुंबईकडे येणाऱ्या दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट अंधारात वाहून गेल्या. पुढच्या जूनमध्ये नवा पूल झालादेखील.

“त्या रात्री काय झालं, तुम्हांला सांगितलंच नाही मी,” सौ. म्हणाली. “बातमी आली तेव्हा अण्णा उठले. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. कपाटातून खाकी कपडे काढले, घातले, बिल्ला लावला आणि उंबऱ्यात येऊन बसले. आई म्हणाली, ‘अहो, कुठं निघालात?’ ते म्हणाले, ‘कुठं नाही.’ सकाळपर्यंत तसेच बसून होते. एकेकाला फोन लावत होते.”

मला दुसऱ्या दिवशीचा माझा फोन आठवला. धीर द्यायचा म्हणून मी म्हणालो होतो, “अण्णा, शेवटी आपली रेल्वेच बरी, नाही का?”

“होय, जावईबापू,” ते म्हणाले होते.

हे मी तिला तिथे सांगितले. अटीप्रमाणे मी बोलायचे नव्हते, पण सांगितले. ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माहीत आहे मला. त्यांनी सांगितलं होतं.” आणि गाडीची किल्ली काढून चालू लागली. पोलादपूर येईपर्यंत आमच्यात बोलणे झाले नाही.

कशेडीच्या पायथ्याशी दोन रस्ते फुटतात. नवा रस्ता सुमारे दोन किलोमीटरांच्या बोगद्यात शिरतो आणि दहा-बारा मिनिटांत डोंगरापलीकडे काढतो. जुना वेटोळी घेत वर चढतो. आम्ही जुन्याने निघालो. एरवी ट्रकांच्या रांगा असत तिथे चिटपाखरू नव्हते. वर एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या काकी म्हणाल्या, “बोगदा झाला, बरं झालं, माणसं मरायची थांबली घाटात. पण चहा कोण पितो आता?” एका दमात दोन्ही गोष्टी सांगून त्या कप विसळू लागल्या. सेलिगमनचा न्हावी मला आठवला. पण काकींना संघटना काढायला सांगणारा मी कोण? मी आणखी एक चहा मागितला, तेवढीच माझी चळवळ.

उतरताना सौ. म्हणाली, “अण्णा सांगायचे, ज्या गिअरात घाट चढलात त्याच गिअरात उतरा. ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही.” आणि तशीच उतरली.

चिपळूणला मात्र आमची दहा-दहा मिनिटे एकमेकांत मिसळली. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे १८६४ सालचे. वाशिष्ठीच्या पुराने २००५ मध्ये त्याची पुस्तके नेली, ती पुन्हा जमवली. २२ जुलै २०२१ ला पुन्हा नेली, आणि आता पुन्हा कपाटे भरली आहेत. मराठीच्या मास्तराने अशा ठिकाणी काय बोलावे? मी टोपी घालत नाही, नाहीतर काढली असती. बाहेर आल्यावर सौ.ने स्टँड दाखवला. त्याच पुरात आगार बुडाले तेव्हा तिथले आगारप्रमुख सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर कित्येक तास बसून राहिले होते. पैसे एसटीचे, वाहून जाता कामा नयेत म्हणून. अण्णा ही गोष्ट येईल-जाईल त्याला सांगत. मलाही सांगितली असणार. मी ‘हं’ म्हटले असणार.

संगमेश्वरी मी शास्त्री आणि सोनवीच्या संगमावर १६८९ सालच्या कैदेचा इतिहास सांगायला घेतला आणि वीस मिनिटे घेतली. त्याबद्दल मला पुढे हातखंब्यापर्यंत ऐकून घ्यावे लागले. असो.

लांज्याला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. अण्णांचे गाव तिथून आत, डोंगरात. मला वाटले, आता तासाभरात घरी टेकू. पण सौ.ने एका नातलगाच्या अंगणात मोटार लावली, किल्ली त्यांच्या हाती दिली आणि मला घेऊन स्टँडवर आली. वस्तीची गाडी लागलेली होती. संध्याकाळी गावात जाऊन रात्री तिथेच राहते आणि सकाळी परत येते, ती. लाल, धुळीने माखलेली, एका खिडकीची काच नसलेली.

“पुढची सीट धरा,” ती म्हणाली.

पुढची सीट रिकामी होती. मी खिडकी तिला दिली. कंडक्टरने तिला अर्धे तिकीट फाडले, मला पूर्ण; बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्याची सवलत आहे. म्हणजे दिवसभर गाडी चालवून थकलेल्या माणसाला अर्धे आणि शेजारी बसून खाणाऱ्याला पूर्ण, हा हिशेब मला न्याय्य वाटला. गाडीत बाजाराच्या पिशव्या, एक कोंबडी, कॉलेजातून परतणाऱ्या दोन पोरी. गाडीने गचका दिला आणि ती रस्त्याला लागली.

समोरची काच मोठी होती. डांबरी पट्टा आपल्या अंगावर येतो आहे आणि ऐन वेळी पोटाखाली शिरतो आहे, असे वाटे. बाजूच्या खिडकीतून झाडे मागे जाताना दिसतात. इथे ती येताना दिसत होती. मी दोन्ही हातांनी पापडांची पिशवी धरून बसलो होतो.

लांब चढ दिसू लागला. सौ. पुटपुटली, “आता तिसरा.” ड्रायव्हरचा हात दांडीवर गेला, गाडी गुरगुरली. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, “आता दुसरा.” आणि त्याने दुसरा टाकला. ड्रायव्हर तरुण होता, आमच्याकडे त्याचे लक्षही नव्हते.

“आता कुठला?” मी विचारले.

“थांबा,” ती म्हणाली, “वळण तर येऊ दे.”