सिस्टरच्या गाडीभाड्याचा प्रश्न

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट सुटली की जालना रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या लागतात. २००१ पासून इथे स्कोडाच्या मोटारी तयार होतात, २०१९ मध्ये ऑरिक या औद्योगिक शहराचे उद्घाटन झाले. कामगाराला शहरातून आणणे आणि परत पोचवणे हा कारखान्याचाच खर्च, हे या पट्ट्यात आता सगळ्यांनी मान्य केलेले आहे. त्याच रस्त्यावर नाइट ड्युटीला निघालेली सिस्टर मात्र काळीपिवळीत जागा मिळते का, हे पाहत उभी असते. तिचा पगार आणि तिचे गाडीभाडे यांचा विषय काढला की जी उत्तरे ऐकू येतात, त्यांपैकी एकही मला टिकणारे वाटत नाही.

पहिले उत्तर असे, की शुश्रूषा ही सेवा आहे आणि सेवेत पैशाची भाषा आणू नये. शुश्रूषेचा इतिहास याच्या अगदी उलट आहे. फेब्रुवारी १८८८ मध्ये कॅथरीन लॉक यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडहून परिचारिकांची पहिली छोटी तुकडी लष्करी रुग्णालयांसाठी मुंबईत उतरली. त्यांचा पगार ठरलेला होता, येण्याचे भाडे सरकारी होते, आणि सरसेनापतींच्या पत्नी लेडी रॉबर्ट्स यांनी त्यांच्या विश्रांतीसाठी थंड हवेच्या ठिकाणी घरे उभारली. पुढे १८९६ मध्ये लंडनमध्ये कलोनियल नर्सिंग असोसिएशन निघाली. वसाहतींत जाणाऱ्या परिचारिकेचा करार, वेतन आणि जहाजाचे भाडे हा तिच्या कामाचा गाभाच होता. त्या बायकांची सेवावृत्ती भाडे मिळाल्याने कमी झाली, असे कोणी म्हटले नाही. ब्रिटिश राजवटीची बाजू मी घेत नाही. ही काळजी तिने गोऱ्या परिचारिकांपुरती घेतली. देशी परिचारिकेच्या वाट्याला काय आले, ते आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात आहे: ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका, अपुरी राहण्याची सोय, लांबलचक पाळ्या, तुटपुंजे वेतन. माणसे या पेशात का येत नाहीत याचे कारण समितीला तिथेच सापडले. ‘सेवा’ म्हणून पगार टाळायचा, ही रीत आपण त्याच काळातून उचलली आणि स्वातंत्र्यानंतरही सोडली नाही.

दुसरे उत्तर: ती कंत्राटी आहे, तिला नियमित परिचारिकेइतके कसे द्यायचे? वॉर्ड तोच, सलाईन तीच, रात्रीची जबाबदारीही तीच. समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये जगजितसिंग प्रकरणात स्पष्ट सांगितले. मे २०२२ मध्ये राज्यभरच्या शासकीय परिचारिका बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या. त्यावेळी रुग्णांना वेठीस धरल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. कमी पगारावर, वर्षावर्षाच्या टांगत्या नोकरीत माणसे आणून वॉर्ड चालवणे हे रुग्णाच्या हिताचे कसे, हे मात्र आरोप करणाऱ्यांनी सांगितले नाही.

खासगी रुग्णालयांचे म्हणणे अधिक गंभीरपणे घ्यायला हवे. पंधरा-वीस खाटांचे डॉक्टर म्हणतात, आम्हाला परवडत नाही. त्यांची अडचण खरी आहे. म्हणूनच खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनासाठी केंद्राने नेमलेल्या जगदीश प्रसाद समितीने २०१६ मध्ये खाटांनुसार पायऱ्या ठरवल्या: दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके वेतन, शंभरच्या वर दहा टक्क्यांपर्यंत कमी चालेल, पन्नासच्या वर पंचवीस टक्क्यांपर्यंत, आणि त्याखाली किमान २० हजार रुपये. वाहतूक आणि निवासाच्या सोयीही सरकारी नियमांप्रमाणे, असेही त्यात आहे. केरळने २०१८ मध्ये २० हजारांचे किमान वेतन अधिसूचित केले. तिथली रुग्णालये बंद पडली नाहीत.

राहिला रात्रीच्या गाडीचा मुद्दा, आणि मला सर्वांत जास्त राग इथे येतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ‘आस्थापना’च्या व्याख्येत रुग्णालय, दवाखाना, प्रसूतिगृह येतात. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था हवी. म्हणजे गाडी ही मालकाची मेहेरबानी राहिलेली नाही. परिचारिका विखुरलेल्या वस्त्यांतून येतात, प्रत्येकीसाठी गाडी कशी फिरवणार, असे रुग्णालयांचे मालक विचारतात. शेंद्र्याचे कामगारही शहरभर विखुरलेलेच आहेत, त्यांच्यासाठी थांबे आखता येतात. जालना रस्त्यावरच्या चार-पाच रुग्णालयांनी मिळून एक गाडी लावली तर छोट्या डॉक्टरलाही तो खर्च पेलेल.

गावाकडची आरोग्यसेविका या सगळ्याच्या बाहेरच राहते. पाच हजार लोकसंख्येचे उपकेंद्र, लसीकरणाचा दिवस, खांद्याला व्हॅक्सिन कॅरियर, वाडीवस्तीवरचा कच्चा रस्ता आणि दुचाकीत स्वतःच्या पैशाचे पेट्रोल. तिथे गाडी शक्य नाही, हे मान्य. मग नियमित असो वा कंत्राटी, प्रत्यक्ष फिरलेल्या अंतरावर प्रवासखर्च द्या, आणि तो पगारासोबत त्याच महिन्यात द्या. जिल्हा परिषदेने येत्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र तरतूद करावी. कामगार खात्याने जालना रस्त्यावरच्या रुग्णालयांत रात्रीच्या वाहतुकीची नोंदवही तपासायला सुरुवात करावी, आणि ती चिकलठाण्यापासून शेंद्र्यापर्यंतच्या पट्ट्यातून करावी.