मापात पाप

बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षे बसलेल्या माणसाच्या शरीरात जमा आणि नावे कधीच जुळत नाही. तर्रीपोह्यापासून साहेबांच्या वाढदिवसाच्या केकपर्यंत सगळे जमेला. नावे काय, तर लंच-टाइमला खुर्चीतून उठणे! माझी साखर पाहून डॉक्टर म्हणाले, "सायकल चालवा." मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. उपाय स्वस्तातला वाटला. पहिला हिशेब इथेच चुकला.

कामठीहून थेट नागपूरचे एक मोठे दुकान गाठले. नाव सांगत नाही, कारण त्याची भावंडे गावोगाव आहेत. गळ्यात टाय बांधलेल्या पोराने पहिला प्रश्न विचारला, "सर, बजेट?" मग खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची एक सायकल पुढे करून म्हणाला, "उचलून बघा, फक्त दहा किलो!" मी उचलली. बुटाचा जोड हातात तोलून विकत घेणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. पण सायकलच्या दुकानात शहाणी माणसेही हमालासारखी वागतात.

"दोन किलो हलकी हवी तर चाळीस हजार जास्त," पोरगा म्हणाला. म्हणजे ग्रॅमला वीस रुपये! माझ्या पोटावरचे दोन किलो तर्री सोडली तर फुकट उतरणार होते. जगातल्या सायकल शर्यतींच्या संघटनेचाच नियम आहे की, शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नको. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. त्यांनी एकेका ग्रॅमची काळजी केली तर शोभते. मला जायचे होते कामठीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत!

तरीही ती दहा किलोवाली अठ्ठावन्न हजारांना घेतली. घासाघीस सुरू केली तेव्हा माझा 'सर'चा 'काका' झाला. एवढ्या व्यवहारात एका माणसाने माझे माप घेतले नाही.

आठ दिवसांत मान आखडली, कंबर धरली आणि बोटांना मुंग्या आल्या. कॅशला बसल्यावर एकच बंडल तीनदा मोजू लागलो. तिन्ही वेळा आकडा वेगळा! सायकल गॅलरीत गेली. सौ. म्हणाली, "अहो, नुसती उभीच राहायची असेल, तर निदान टॉवेल तरी वाळू द्या तिच्यावर."

शेवटी गल्लीच्या तोंडाशी पंक्चर काढणाऱ्या चाचांना दाखवली. त्यांनी मला दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे केले. टाचा उचलाव्या लागल्या! चाचा हसले. "बाबू, बड़े भाई की पैंट पहन के घूम रहे हो." रात्री टेप घेतला. मांडीच्या सांध्यापासून टाचेपर्यंतचे आतले माप ७६ सेंटिमीटर. जाणकार याला ०.६७ ने गुणतात. उत्तर येते ५१. माझ्या सायकलवर छापले होते ५६. दुकानात तेवढीच शिल्लक होती, म्हणून तीच मला "एकदम परफेक्ट" होती!

माझे वडील कामठीहून एम्प्रेस मिलला सायकलने जात. काळी, विसेक किलोची सायकल. त्या काळी दुकानदाराचा पहिला प्रश्न असे, "किती इंची? बावीस की चोवीस?" आज तो विचारतो, "किती बजेट?" धंद्यातली सगळी प्रगती या दोन प्रश्नांत आली. आमची कामठी १८२१ मध्ये वसली ती लष्कराची छावणी म्हणून. शिपायाचा बूट पायावर ठरतो, पगारावर नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळते.

यावर म्हणतात, "नव्या माणसाला काय कळतंय? होते सवय." अहो, सीट वर-खाली होते, हँडलचा दांडा बदलून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर मिळतात, पण सांगाडा काही वाढत नाही की आटत नाही. सवय होते ती सायकल न चालवण्याची. उलट नव्या माणसालाच माप आधी हवे. मुरलेला सायकलवाला दुखले की सायकलला दोष देतो. नवा स्वतःच्या वयाला देतो आणि घरी बसतो. साखर मात्र घरी बसत नाही.

तेव्हा मंडळी, दुकानात आधी माप विचारा. मग टायर विचारा. आपल्या रस्त्यांचे सांधे आणि खड्डे पाहता ३२ मिलिमीटरचा टायर मावतो का ते बघा. जुन्या २३ च्या बारीक टायरवरून शर्यतवालेसुद्धा रुंद टायरवर आलेत. मग चढावाचे गिअर. वजन सगळ्यांत शेवटी. आणि चालवून बघू देत नसेल, तर नमस्कार करून बाहेर या.

मी अठ्ठावन्न हजारांची सायकल तीस हजारांना विकली. त्यातल्या चोवीस हजारांत ५१ मापाची जुनी घेतली. दोन किलोने जड आहे. पण तीन महिने रोज चालवतोय, साखर जरा वरमली आहे आणि बंडल एकाच वेळी बरोबर मोजले जाते. अठ्ठावीस हजारांचा तोटा मी 'शिक्षण' या खात्यात टाकला आहे.

टॉवेल कुठे वाळवायचा, हा प्रश्न घरात अजून सुटलेला नाही.