वेशविन्यास, उसनवारी आणि हाताचे नाव

मराठी समीक्षेने चित्रपट, जाहिरात, तमाशा, दूरचित्रवाणी मालिका अशा अनेक संहितांना आपल्या कक्षेत घेतले. फॅशनला मात्र ती अद्याप उंबऱ्याबाहेर उभी करते. रॅम्पवरून चालणाऱ्या मॉडेलकडे पाहणे ही करमणूक, त्यावर मत असणे हा उथळपणा आणि ते मत मराठीच्या प्राध्यापकाने मांडणे हे विषयांतर, असा आपल्याकडील सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखिका गेली अनेक वर्षे फॅशन शो आवडीने पाहते, डिझायनरांच्या कामाचा माग ठेवते आणि त्याविषयी तिची काही ठाम मते आहेत. ती मांडताना संकोच वाटावा असे काही नाही. वेशाचा विचार हा साहित्यविचाराच्या बाहेरचा आहे, हे गृहीतकच मुळात तपासून पाहण्यासारखे आहे.

आसेगाव ज्या वाशीम जिल्ह्यात आहे, त्या वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त या नगराला एक वेगळेच स्थान आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाच्या मागे साहित्यविद्यावधू दिशादिशांनी फिरते. प्रत्येक प्रदेशात ती निराळा वेश धारण करते आणि त्या त्या प्रदेशातील स्त्रिया तिचे अनुकरण करतात. अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात दोघांचा विवाह होतो. ही कथा सांगताना राजशेखराने तीन व्याख्या करून ठेवल्या आहेत : वेशाच्या रचनेचा क्रम ती प्रवृत्ती, विलासाच्या रचनेचा क्रम ती वृत्ती आणि वचनाच्या रचनेचा क्रम ती रीती. वैदर्भी रीतीवर आपण परीक्षेत टिपा लिहून घेतो. पण तिच्याच पंक्तीला बसवलेली वेशाची प्रवृत्ती आपल्या अभ्यासक्रमातून केव्हाच गळून गेली आहे. एक स्त्री नवा वेश करते, इतर स्त्रिया तो पाहून उचलतात आणि त्यातून प्रदेशाची ओळख घडते, हे फॅशनचे अगदी नेमके वर्णन नव्हे काय?

याच ग्रंथात पुढे 'हरणा'ची, म्हणजे दुसऱ्याचे शब्द आणि अर्थ उचलण्याची, तपशीलवार चर्चा आहे. मूळ अर्थ तोच ठेवून केवळ मांडणी बदलली तर ते प्रतिबिंबकल्प. थोडासा संस्कार करून वस्तू निराळी भासवली तर ते आलेख्यप्रख्य. विषय वेगळा असूनही अतिसादृश्यामुळे एकच वाटले तर ते तुल्यदेहितुल्य. आणि मूळ एक, पण भोवतीचा सारा साज दूरचा असेल तर ते परपुरप्रवेशसदृश. पहिल्या दोहोंचे मूळ दुसऱ्याकडे आहे हे उघड दिसते, म्हणून ते अन्ययोनी. उरलेल्या दोहोंत मूळ झाकलेले असते, म्हणून ते निह्नुतयोनी. फॅशनचे विश्व ज्याने थोडेफार पाहिले आहे त्याला या चार खणांत प्रत्येक हंगामाचे कपडे सहज लावून ठेवता येतील. चित्रपटातील नायिकेच्या ब्लाऊजचा गळा फोनवर दाखवून लग्नसराईत शिंप्याकडून हुबेहूब शिवून घेतला जातो, ते प्रतिबिंबकल्प. मोठ्या दुकानांच्या साखळ्या रॅम्पवरचा अंगरखा स्वस्त कापडात, दोन गुंड्या बदलून विकतात, ते आलेख्यप्रख्य. फॅशन ही उसनवारीवरच जगते. त्यामुळे 'अमक्याने तमक्याचे उचलले' एवढ्यावर थांबणारी टीका मला अपुरी वाटते. कसे उचलले, त्यात काय भर घातली आणि ऋण मान्य केले की नाही, हे तिने विचारले पाहिजे.

या दृष्टीने जून २०२५ मधील मिलानचे प्रकरण पाहण्यासारखे आहे. प्राडाच्या पुरुषांच्या संग्रहात काही मॉडेलांच्या पायांत सपाट तळाच्या, अंगठ्याच्या, वेणीकाम केलेल्या चपला होत्या. त्यांचे वर्णन केवळ 'चामड्याच्या सँडल' असे होते. कोल्हापूरकरांना त्या ओळखायला क्षणभरही लागला नाही. समाजमाध्यमांवर गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र पाठवले आणि या चपलांमागे भारतीय हस्तकलेची प्रेरणा असल्याचे प्राडाने मान्य केले.

प्राडा या घराण्याविषयी मला आदर आहे. मिउच्चा प्राडा यांनी १९८४ मध्ये साध्या नायलॉनची पाठपिशवी बाजारात आणली आणि उंची वस्तू उंची मालाचीच असली पाहिजे, या समजुतीला धक्का दिला. सामान्य वस्तूतील रेषा ओळखण्याची त्यांची नजर विलक्षण आहे. म्हणूनच त्यांना कोल्हापुरी आवडावी यात नवल नाही. तिच्यात अनावश्यक असे काही नसते. तळ, अंगठा, दोन्ही बाजूंचे कान आणि मधला पट्टा एवढीच तिची वाक्यरचना. खिळा नाही, शिवण चामड्याच्याच वादीची आणि चामडे बाभळीच्या सालीसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले. मिलानच्या रॅम्पवर ती शोभून दिसली, हे मान्य करायला हवे. आक्षेप तिच्या निवडीवर नाही. जगातील कोणत्याही वस्तूवर कारागिराची किंवा जागेची नाममुद्रा ठळकपणे मिरवणाऱ्या या व्यवसायाने नेमक्या याच वस्तूला निनावी ठेवले, यावर तो आहे.

येथे कायद्याची बाजू लक्षात घेतली तर प्रकरण अधिकच अर्थपूर्ण होते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. भौगोलिक निर्देशांक संरक्षण देतो ते नावाला; वस्तूच्या घाटाला नव्हे. प्राडाने 'कोल्हापुरी' असे म्हटले असते तर कदाचित हा हक्क आड आला असता. नाव घेतले नाही म्हणून ती मोकळी राहिली. मूळ झाकणे हीच येथे पळवाट ठरते. राजशेखराच्या 'निह्नुतयोनी' या संज्ञेला यापेक्षा समर्पक उदाहरण शोधूनही सापडणार नाही. मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. याचिकाकर्ते हे निर्देशांकाचे नोंदणीकृत मालक नाहीत, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. मालक आहेत दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे.

उसनवारी कशी असावी याचा नमुनाही आपल्या शेजारीच आहे. गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स (निधन २०२०) यांनी कुणबी स्त्रियांचे गुडघ्यापर्यंतचे, खांद्यावर गाठ मारलेले चौकड्यांचे जाडेभरडे लुगडे उचलले, त्याची लांबी वाढवली, रंग बदलले आणि ते रॅम्पवर आणले. घाट बराच बदलला, पण नाव 'कुणबी साडी' हेच ठेवले. पुढे गोव्याच्या वेशपरंपरेवर 'मोडा गोवा' हा ग्रंथही त्यांनी लिहिला. मूळ एक आणि साज दूरचा, म्हणजे परपुरप्रवेशच. पण ऋण उघड. भारतीय डिझायनरांत माझ्या मते त्यांचे स्थान पहिल्या रांगेतले आहे. ते केवळ त्यांच्या कपड्यांच्या हलक्या, मोकळ्या पडण्यामुळे नव्हे. आपल्या संहितेला त्यांनी संदर्भ दिला, म्हणूनही.

मार्च २०२३ मध्ये डिओरने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर केलेला शो हा या दोहोंच्या मधला. भरतकामाने नटलेले प्रचंड तोरण उभारले होते आणि तेव्हाच्या कलादिग्दर्शिका मारिया ग्राझिया क्युरी यांनी मुंबईच्या चाणक्य या भरतकाम संस्थेचे नाव आवर्जून पुढे ठेवले. हे निश्चितच पुढचे पाऊल होते. तरीही नाव संस्थेपर्यंत येऊन थांबले. सुई धरणाऱ्या बोटांपर्यंत ते पोहोचले नाही.

रॅम्पवरील नावांची उतरंड कधी लक्षपूर्वक पाहावी. सर्वांत वर शोस्टॉपर, म्हणजे बहुधा नवा चित्रपट येऊ घातलेला नट किंवा नटी. ही प्रथा मला अत्यंत अप्रिय आहे. तिच्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात कपडा उरतच नाही. त्याखाली डिझायनर. त्याखाली मॉडेल. मधु सप्रे, मिलिंद सोमण, उज्ज्वला राऊत ही नावे महाराष्ट्राने अभिमानाने उच्चारली आणि ते योग्यच होते. चांगली मॉडेल ही चांगल्या काव्यवाचकासारखी असते. संहितेवर स्वतःला लादत नाही आणि तिला सपाटही होऊ देत नाही. मधु सप्रे यांच्या चालण्यात एक खेळाडूचा रोखठोकपणा होता आणि त्या कपड्याला लाजत नसत. या तीन पायऱ्यांच्या खाली मात्र अंधार आहे. विणणारा, कमावणारा, वेणी घालणारी यांना उतरंडीत जागाच नाही. अलीकडे काही डिझायनर शोच्या शेवटी विणकरांना रॅम्पवर आणतात. टाळ्या पडतात, त्यांचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या लक्षात राहते.

आता प्रश्न आपल्याकडे वळवला पाहिजे. मिलानने नाव झाकले म्हणून आपण संतापलो. आपण स्वतः ते कधी घेतले होते? कोल्हापुरी चप्पल ही चर्मकार समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कौशल्याची निर्मिती. तिच्यातील वेणीकाम बहुधा घरातील स्त्रियांच्या हातचे. त्याच चपलेविषयी आपल्या भाषेत 'पायातली वहाण पायातच बरी' अशी म्हण आहे. ही म्हण वहाणेविषयी नसून माणसांच्या पायरीविषयी आहे, हे मराठीच्या विद्यार्थ्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये. वहाण पायातच राहावी असे म्हणणारा समाज ती मिलानच्या रॅम्पवर चढताच 'आमची अस्मिता' म्हणू लागला. या अस्मितेत जिल्ह्याचे नाव होते, राज्याचे होते. ज्याने कातडे कमावले त्याचे नव्हते. मुख्य बाजारातील दुकानात जोडासाठी घासाघीस करताना तो कोणी बांधला, असे आपण कितीदा विचारतो?

केवळ गावाचे नाव मिळाल्याने काय होते, याचा अनुभव वऱ्हाडाला जुना आहे. एकोणिसाव्या शतकात येथील कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' या नावाने ओळखला जाई. हा उमरावतीचा, म्हणजे अमरावतीचा, अपभ्रंश. आमच्या प्रांताचे नाव परदेशी बाजाराच्या पाटीवर झळकत होते. ज्याने बोंडे वेचली त्याच्या हाती त्या नावाने काय आले, हे वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या कर्जाचा इतिहास सांगतो. नाव मिळणे आवश्यक आहे. पण भौगोलिक नाव हे वाटेतले पहिलेच ठाणे आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. राजशेखराला असा नैतिक आग्रह कुठे होता? कवी आणि व्यापारी दोघेही उचलतातच. ज्याला उत्तम लपवता येते तो निंदेवाचून नांदतो, अशा आशयाचे मिस्कील मत त्याने नोंदवलेच आहे. हा आक्षेप खरा आहे. झाकण्याच्या कौशल्याचे त्याला कौतुकच होते. म्हणूनच वर्गीकरण त्याचे घ्यावे आणि निवाडा आपण करावा, असे माझे म्हणणे आहे. ज्याच्याकडून उचलले तो कवी त्याच सभेत बसू शकत होता, प्रत्युत्तर देऊ शकत होता आणि श्लोक उचलला गेल्याने त्याची चूल विझत नव्हती. कापशीचा किंवा अथणीचा कारागीर मिलानच्या सभेत नसतो. दोन पक्षांची बसण्याची जागा इतकी असमान असते तेव्हा मूळ झाकण्याला केवळ कौशल्य म्हणता येत नाही.

या प्रकरणाचा पुढचा अध्याय आशादायक आहे, हे नमूद केले पाहिजे. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाशी आणि कर्नाटकाच्या 'लिडकर' या महामंडळाशी सामंजस्य करार केला. कोल्हापुरीच्या धर्तीवरचे सुमारे २,००० जोड येथील कारागिरांकडून करून घेण्याचे, एका जोडाची किंमत ८०० युरोंच्या आसपास ठेवण्याचे आणि कारागिरांच्या प्रशिक्षणाचे तेव्हा जाहीर झाले. गदारोळ निष्फळ ठरला नाही. मात्र ८०० युरोंतील किती भाग वेणी घालणारीच्या हाती पडेल आणि जोडाच्या तळाशी कोणाचे नाव उमटेल, हे दोन प्रश्न विचारत राहिले पाहिजे. पुस्तकावर लेखकाचे नाव असते. येवल्याच्या पैठणीवर, भंडाऱ्याच्या करवतकाठीवर आणि कोल्हापुरी चपलेवर ती घडवणाऱ्याचे नाव असावे, ही मागणी अवाजवी नाही. ती प्राडाकडे करण्याआधी आपल्याच दुकानदारांकडे, महामंडळांकडे आणि डिझायनरांकडे केली पाहिजे.

साहित्याच्या अध्यापकांना यात काय करता येईल? आपले काम वाचायला शिकवण्याचे आहे. भारतीय काव्यशास्त्राच्या तासाला हरणाचे चार प्रकार शिकवताना जुन्या श्लोकांच्या जोडीला एखादा रॅम्प, एखादी चप्पल, गावातल्या शिंप्याने शिवलेला एखादा ब्लाऊज ठेवून पाहावा. विद्यार्थी भराभर वर्ग पाडतील, वाद घालतील. मग त्यांना पाचवा प्रश्न विचारावा, जो ग्रंथात नाही : हे ज्या हातांनी केले, त्यांचे नाव काय? वत्सगुल्माच्या मातीत शिकणाऱ्यांनी हा प्रश्न आपल्या काव्यशास्त्रात भरीला घातला, तर ती उसनवारी ठरणार नाही.