पान मुलालाच चिकटवू द्या

अंगणवाडीतल्या, बालवाडीतल्या ताई आणि बाईंनो, यंदा वर्गाची भिंत सजवायला थर्माकोल, चमकी आणि तयार कटआउट आणू नका. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहेच. पण माझं म्हणणं बंदीपुरतं नाही. रात्री जागून बाईंनी केलेला मोर भिंतीवर लागतो, पालक कौतुक करतात आणि मुलाचा हात मात्र रिकामाच राहतो. भिंत थोडी वेडीवाकडी दिसली तरी चालेल, तिच्यावरचं काम मुलांचं असू द्या.

त्यासाठी पैसे लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं केली. ती आजही प्रत्येक गावात आहेत आणि ऋतू बदलला की आपोआप बदलतात.

पावसाळ्यात आपण कागदाच्या होड्या करतो. पण चार वर्षांच्या मुलाला त्या घड्या जमत नाहीत, मग सगळ्या होड्या बाईच करतात. त्यापेक्षा घमेल्यात पाणी घ्या आणि फणसाचं, पिंपळाचं, आंब्याचं पान सोडायला द्या. कोणतं तरंगतं, पानावर किती खडे ठेवले की ते बुडतं, हे मुलं स्वतः शोधतात. घमेल्याजवळून मात्र क्षणभरही हलू नका, आणि खेळ संपला की पाणी लगेच ओतून द्या. हीच पानं पुसून कोरडी केली की ठसे घेता येतात. रंग पानाच्या मागच्या बाजूला लावा, तिथे शिरा उठून आलेल्या असतात. भेंडीचा देठाकडचा भाग आडवा कापला की फुलाचा ठसा तयार.

बेंदूर-पोळ्याच्या सुमाराला मातीकाम घ्या. वर्षभरातलं सगळ्यात मोलाचं काम मला हेच वाटतं. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल मिरवतात, वर्गात त्यांना स्वतःच्या हातचा मातीचा बैल करू द्या. शेतातली काळी माती नुसती वापरली तर वाळताना तडकते. ती चाळून, खडे आणि काचा काढून रात्रभर भिजवा. सकाळी थोडी शाडू आणि भिजवलेल्या कागदाचा लगदा घालून पोळीच्या कणकेइतकी मऊ मळा. तीन वर्षांचं मूल फक्त चिमटे काढेल, थापेल, गोळा फोडेल. तेवढं पुरे. चार वर्षांचं वळकटी करेल. पाच वर्षांच्या मुलाचा बैल चार पायांवर उभा राहायला लागतो, पडला तर पाय जाड करायचं त्यालाच सुचतं. तुम्ही पाय लावून देऊ नका. पेन्सिल धरायला बोटांत जी ताकद लागते ती या मळण्या-वळण्यातून येते. म्हणून ‘लिहायला कधी शिकवणार?’ असं विचारणाऱ्या पालकांना एक दिवस या तासाला बोलवा.

दिवाळीच्या सुट्टीआधी आवारात किल्ला करा, त्यावर आळीव किंवा मोहरी पेरा. थोड्याच दिवसांत हिरवळ उगवते. संक्रांतीला कागद फाडून पतंग चिकटवा, मांजा वर्गात नको. होळीच्या आधी पळस फुलला की फुलं गरम पाण्यात भिजत घाला, केशरी रंग मिळतो. उन्हाळ्यात आंब्याच्या कोयी धुऊन खडखडीत वाळवा. कोयीचे तंतू म्हणजे केस, त्याखाली मुलांनी काढलेले डोळे आणि तोंड. अशा चार बाहुल्या झाल्या की गोष्ट मुलंच रचतात.

गोंद विकत आणायची गरज नाही. एक वाटी कणीक चार वाट्या पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा आणि मंद आचेवर ढवळत खळ शिजवा. किडीसाठी खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मुलांच्या खळीत ते अजिबात घालू नका, ते विषारी असतं. खळ ताजीच करा, आंबूस वास आला की टाकून द्या.

बिया-पानं गोळा करताना फार जपा. गुंजेचे लालकाळे मणी मुलांना भुरळ घालतात, पण त्यांतलं विष जीवघेणं आहे. पिवळ्या कण्हेरीची बिट्टी, लाल-पांढरी कण्हेर, एरंडाच्या बिया, धोतरा हे सगळं वर्गाबाहेर ठेवा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. गाजरगवताने अंगावर पुरळ उठतं. चिंचोके, मणी, हरभरे हाती देऊन तीन वर्षांच्या मुलांना एकटं सोडू नका. ती नाका-तोंडात घालतात. चुना रंग म्हणून कधीच नको. काम झालं की बिया मोजून डब्यात परत भरा. मोजणंही त्यातच होऊन जातं.

तीस मुलं एकदम हस्तकामाला बसवली की बाई दमतात आणि शेवटी स्वतःच चिकटवायला लागतात. पाच-सहा मुलांचा गट तुमच्याजवळ घ्या, बाकीची मदतनीस ताईंबरोबर गाण्याला. पंधरा मिनिटांनी गट बदला. कोणाला नसेलच करायचं, तर त्याला बघत बसू द्या. काम झाल्यावर ‘हे काय आहे?’ असं न विचारता ‘काय काय केलंस, सांग’ म्हणा. मूल सांगेल ते त्याच्याच बोलीत, वारली असो की अहिराणी, कागदाखाली लिहून ठेवा. आणि चित्र मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा.

मुख्यसेविका आणि पर्यवेक्षिकांनाही विनंती आहे. भेटीला याल तेव्हा भिंत किती सजली आहे यावर शेरा लिहू नका. कोणत्याही एका मुलाला जवळ घ्या आणि त्याचं काम कोणतं ते दाखवायला सांगा. येत्या पालकसभेत ताईंनी पालकांकडे जुनी वर्तमानपत्रं, करवंट्या आणि रिकाम्या आगपेट्या मागाव्यात. लगेच देता येतील अशा या वस्तू प्रत्येक घरात असतात.