कथा नसलेली कारकीर्द

पदवीच्या वर्गाला चरित्र-आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार आम्ही बरीच वर्षे शिकवीत आलो आहोत. वर्गातील मुली कर्जत-खालापूरच्या वाड्यापाड्यांतून आणि खोपोलीच्या कामगार वस्त्यांतून येतात. अनेकींना शिळफाट्यावर गाडी बदलावी लागते. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीवर चर्चा चालू असताना त्यांतल्या एकीने विचारले, “सर, आनंदीबाई जगल्या असत्या तर त्यांच्यावर कादंबरी झाली असती का?” वर्ग हसला. आम्हांला मात्र उत्तर सुचले नाही, आणि ते का सुचले नाही याचा विचार करताना आमच्याच अध्यापनातील एक उणीव लक्षात आली. तिच्याविषयी हे टिपण आहे.

आनंदीबाई जोशी यांना १८८६ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने एम. डी. ही पदवी दिली. त्यासाठी त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहिला होता. १८८७च्या फेब्रुवारीत, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्या गेल्या. मराठी वाचकाला गोपाळरावांचा हट्ट ठाऊक असतो, सातासमुद्रापलीकडचा प्रवास ठाऊक असतो, क्षय ठाऊक असतो. प्रबंधाचा विषय कोणता, हे आमच्या वर्गात एकालाही सांगता आले नाही. आणि खरे सांगायचे तर आम्हीही तो कधी सांगितला नव्हता.

दुसरे उदाहरण कमला सोहोनी यांचे. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनी. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत १९३३ साली सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला आणि पुढे अटी घालून दिला, हा प्रसंग कोणत्याही महिलादिनाच्या भाषणात असतोच. वनस्पतींच्या ऊतींमधील ‘सायटोक्रोम सी’ या द्रव्यावरील संशोधनाबद्दल केंब्रिजने १९३९ साली त्यांना डॉक्टरेट दिली, नीरेच्या पोषणमूल्यावर त्यांनी काम केले, या गोष्टी भाषणाच्या शेवटच्या वाक्यात घाईने उरकल्या जातात. नकाराला नाट्य आहे, नीरेला नाही.

आमचे म्हणणे असे की स्त्रीचे चरित्र लिहिताना आणि वाचताना आपण अडथळ्यालाच कथानक मानतो. छळ, त्याग, अकाली मृत्यू किंवा एखाद्या थोर पुरुषाचा नकार असेल तर चरित्र ‘रंगते’. ज्या बाईने चाळीस वर्षे नेमाने काम केले, तिच्याबाबत आपली लेखणी पुरस्कारांची यादी देऊन थांबते. याचे ठळक उदाहरण डॉ. कमल रणदिवे यांचे.

त्यांचा जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत, आणि त्यावरून घरात महाभारत घडल्याचेही कोणी सांगत नाही. १९३९ साली गणिताचे अभ्यासक ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी विवाह झाला. एम. एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. पुढे घाटाखाली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात वि. रा. खानोलकर यांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ साली त्या डॉक्टरेट झाल्या. त्यानंतर बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे जिवंत पेशी शरीराबाहेर काचपात्रात वाढवण्याचे, तंत्र त्या शिकल्या. परतल्यावर परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९६६ ते १९७० या काळात संस्थेच्या प्रभारी संचालकपदाची धुरा त्यांच्याकडे होती. या संस्थेचे आजचे रूप असलेले केंद्र खारघरला, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यात आहे.

यात कथा नाही असे ज्यांना वाटते त्यांनी त्यांच्या प्रयोगांचा विषय पाहावा. उंदरांच्या काही वाणांत स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. हा दोष केवळ आनुवंशिक मानावा, तर अशा वाणाची पिल्ले जन्मतःच रोगमुक्त वाणाच्या मादीकडे पाजायला दिल्यास त्यांच्यातील रोगाचे प्रमाण घटते, असे अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवले होते. आईच्या दुधातून येणारा हा घटक पुढे विषाणू असल्याचे निष्पन्न झाले. (हे उंदरांपुरते; मानवी मातेच्या दुधाला हा निष्कर्ष लावू नये.) पण विषाणू आला म्हणजे रोग झालाच असे नाही. वाढत्या शरीरातील संप्रेरके, वंशाने आलेली प्रवृत्ती आणि विषाणू यांचा मेळ कसा जमतो, हा रणदिव्यांच्या अभ्यासाचा गाभा होता. आईकडून मुलीकडे काय जाते, आणि जे जाते ते केव्हा जागे होते? मराठी कादंबरीने शंभर वर्षे हाच प्रश्न निराळ्या भाषेत विचारला आहे. साहित्याच्या माणसाला याचे कुतूहल वाटू नये, हे नवल आहे.

कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले. १९८२ साली पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातील राजूरला ‘सत्यनिकेतन’ संस्थेच्या साहाय्याने आदिवासी मुलांच्या पोषणाच्या पाहणीत त्या गुंतल्या. पेशींची वाढ पाहणारी दृष्टी शेवटी मुलांच्या वाढीकडे वळली, हे सांगताना आम्हांला कर्जतच्या ठाकूर-कातकरी वाड्या आठवल्यावाचून राहत नाहीत. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. अडथळे खोटे होते काय? मुळीच नव्हते, ते लपवणे हा दुसरा अन्याय ठरेल. परंतु रणदिव्यांनी अडथळ्यांना दिलेले उत्तर पाहावे. १९७३ साली अकरा सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. या संघटनेच्या वाशीच्या केंद्रात नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर चालते. अडचण सांगून सहानुभूती मिळवण्यापेक्षा पाळणा टांगणे त्यांना अधिक निकडीचे वाटले असावे. आमचे चरित्रलेखन मात्र सहानुभूतीच्या उंबरठ्यावरच घुटमळते.

दुसरा आक्षेप असा की प्रयोगशाळेतील काम मराठीत रंजकपणे सांगता येत नाही. जयंत नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, एवढे सांगितले तरी हा आक्षेप लंगडा पडावा. उणीव भाषेत नाही, आमच्या अपेक्षेत आहे. पुरुषाच्या चरित्रात आपण काम शोधतो, बाईच्या चरित्रात सोसणे.

याचे मोल कोण देते? वर्गात बसलेल्या मुली देतात. शास्त्रज्ञ बाई म्हणजे अग्निदिव्यातून गेलेली बाई, असे चित्र वर्षानुवर्षे दाखवल्यावर साध्या घरातली, साधारण गुण मिळवणारी मुलगी स्वतःला त्या चित्रात कशी पाहील? रोज आठला प्रयोगशाळेत जाणे, चुकलेला प्रयोग पुन्हा करणे, नोंदी ठेवणे, हेही आयुष्य असते, आणि ते तिच्या आवाक्यातले असते, हे तिला कोणीतरी सांगायला हवे.

म्हणून आम्ही स्वाध्याय बदलला. एका स्त्री वैज्ञानिकाच्या कामाचा एक दिवस लिहा. नवरा, नकार आणि पुरस्कार या तीन गोष्टी वर्ज्य. आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने कमल रणदिवे निवडल्या. तीन पाने लिहून ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, “मॅडम, उंदरांचे पिंजरे रोज कोण धूत असेल? तिच्याबद्दलही लिहू का?”

आम्ही म्हणालो, लिही.