उन्हापासून संरक्षण : आधी सावली, मग मलम

शेतावर राबणाऱ्याने अंगाला सनस्क्रीनचे मलम लावावे काय, हा प्रश्न आता खेड्यापाड्यांतूनही विचारला जाऊ लागला आहे. त्याविषयी तीन मते ऐकू येतात. मलम लावल्याशिवाय उन्हात पाऊल टाकू नये, हे पहिले. पिढ्यान्‌पिढ्या उन्हात राबलेल्या आपल्या सावळ्या कातडीला असल्या उपचारांची गरज नाही, हे दुसरे. ऊन हेच औषध असून अंग झाकल्याने ड जीवनसत्त्व कमी पडते, हे तिसरे. तिन्ही मतांत सत्याचा अंश आहे. तथापि शेतावरच्या माणसाला तेवढ्याने पुरेसे मार्गदर्शन होत नाही.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, ऊन दोन प्रकारे बाधते. त्यातील अतिनील किरण कातडी व डोळे यांना अपाय करतात. तर उष्णता सबंध शरीराला ग्रासते. मलम केवळ किरणांना अडविते. उष्माघात त्याने टळत नाही. वैशाखात विदर्भाचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा माणूस दगावतो तो उष्णतेने.

मलमाचा आग्रह मुख्यतः गोऱ्या लोकांच्या देशांतून आला. ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असल्याने १९८१ मध्ये तेथे लोकशिक्षणाची मोहीम निघाली. परंतु तिच्या घोषणेतही अंगात सदरा घालणे पहिले, मलम दुसरे व टोपी तिसरी असा क्रम होता. आपल्याकडे सावळ्या वर्णामुळे हा कर्करोग पुष्कळ कमी आढळतो. म्हणून दुसरे मत अगदीच निराधार नव्हे. मात्र वर्ण कसाही असला तरी डोळ्यांना त्याचे संरक्षण नाही. वर्षानुवर्षे प्रखर उन्हात काम केल्याने मोतीबिंदू आणि बुबुळावर चढणारी मांसाची वेल यांचा संभव वाढतो. रुंद काठाची टोपी तेथे मलमापेक्षा अधिक उपयोगी.

आता खर्चाचा हिशेब पाहू. चेहरा, मान व दोन्ही हात यांना नीट लेप द्यावयाचा तर सुमारे तीन चहाचे चमचे मलम लागते. घामाने ते धुऊन जाते, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. या मानाने ५० ग्रॅमची नळी दोन दिवसही पुरणार नाही. शिवाय, काही सनस्क्रीनमुळे टू-फोर-डी हे तणनाशक कातडीतून अधिक प्रमाणात शोषले जाते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. फवारणीच्या दिवशी मलमाच्या भरवशावर उघड्या अंगाने वावरणे म्हणूनच धोक्याचे. तथापि जन्मतः वर्णहीन व्यक्ती, कोड असलेले लोक आणि औषधांमुळे ज्यांना ऊन बाधते असे रुग्ण, यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने मलम अवश्य वापरावे.

ड जीवनसत्त्वासाठी काही वेळ हातापायांवर ऊन पडणे इष्ट आहे. परंतु त्यासाठी भर दुपारी राबण्याचे कारण नाही. ज्यांचा दिवस शेतात जातो, त्यांना ऊन कमी पडण्यापेक्षा अधिक होण्याचीच भीती.

तेव्हा आमच्या मते क्रम असा असावा : आधी वेळ, मग सावली, मग वस्त्र आणि शेवटी मलम. स्वतःची सावली आपल्या उंचीहून आखूड झाली की ऊन प्रखर झाले, असे समजावे. घट्ट विणीचा, सैल व लांब बाह्यांचा सदरा उत्तम. साडीवर सदरा चढवून व डोक्याला रुमाल बांधून कामास येणाऱ्या आपल्या मजूर भगिनींनी हा धडा कोणी न शिकविता घेतलेला आहे.

परंतु वेळ ठरविणे त्यांच्या हाती नसते. ते काम सांगणाऱ्याच्या हाती असते. सकाळी लवकर काम सुरू करावे, तर त्यांना घरचे पाणी व चूल उरकावयाची असते, ही अडचण खरी आहे. म्हणून वेळ आदल्या दिवशी त्यांच्या विचाराने ठरवावी. भर उन्हात दुपारची सुटी वाढवावी, आणि तिच्यासाठी मजुरी कापू नये. बांधावर झाड नसेल तेथे गोणपाटाचा मांडव घालावा व पिण्याचे पाणी कामाच्या जागी ठेवावे. घामाने थकलेल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून द्यावे. कोणी बरळू लागला वा बेशुद्ध पडला, तर त्याला काहीही न पाजता सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मलम चांगले की वाईट या वादात न पडता, चैत्र लागताच शेतमालक व मजूर यांना एकत्र बसवून कामाच्या वेळा ठरवून द्याव्यात. त्यासाठी पैसा लागत नाही. दुसऱ्याच्या कष्टाची जाणीव मात्र लागते.